जावेला मी माझं हार्मोन जेल का नाही दिलं

गेल्या महिन्यात मोठ्या जावेचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच म्हणाल्या, "अगं ते तू मांडीला काय चोळतेस ना हार्मोनचं, त्याची एक ट्यूब मला पण आण की, मेडिकलवाला तुझ्या ओळखीचा आहे." मी म्हटलं वहिनी नाही, जेल आणणार नाही, तुम्हाला डॉक्टरकडे घेऊन जाते. त्यांना राग आला असणार, कारण आमच्याकडे डोळ्यांच्या थेंबांपासून पित्ताच्या गोळीपर्यंत सगळं एकमेकींना वाटून घ्यायची पद्धत. पण ही एक गोष्ट अशी आहे की तीच ट्यूब माझ्यासाठी बरोबर आणि त्यांच्यासाठी चूक असू शकते, आणि का ते फोनवर पाच मिनिटांत सांगता येईना म्हणून नीट लिहायला बसले.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. पाळी जायच्या काळात, एकोणपन्नासाव्या वर्षी, मला रात्री तीन तीन वेळा गाऊन बदलावा लागायचा, फोडणी घालताना मानेपासून वर अशी कढत वाफ चढायची की गॅस बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहायचे, आणि नवरा डिसेंबरात फुल स्पीड पंख्याखाली दोन चादरी घेऊन झोपायचा. पहिल्या डॉक्टरांनी कॅल्शियम लिहून दिलं आणि म्हणाले या वयात होतंच. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पाऊण तास बसवून प्रश्न विचारले आणि मग एचआरटी, म्हणजे बाहेरून हार्मोन द्यायचं औषध, सुरू केली. त्या पाऊण तासात मला कळलं की "हार्मोन घ्यावं का नाही" हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठलं, कुठल्या वाटेने, कुठल्या वयात आणि कुणाच्या अंगात, एवढं सगळं जोडलं की मग प्रश्न पूर्ण होतो.

आधी होतं काय ते बघू. पाळी येऊन सलग बारा महिने झाले आणि मधे एकदाही आली नाही की मेनोपॉज झाला म्हणतात. भारतात हे साधारण ४६-४७ च्या आसपास होतं, युरोप अमेरिकेत ५१ च्या. पण त्रास त्याच्या आधीच तीन-चार वर्षं सुरू होतो, पाळी मागेपुढे व्हायला लागते तेव्हाच. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन कमी व्हायला लागतं आणि मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी जी जागा आहे ती हळवी होते. पूर्वी अंग थोडं तापलं तर ती दुर्लक्ष करायची, आता जरासं तापलं की तिला वाटतं आग लागली, लगेच कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतात, तोंड लाल होतं, छातीत धडधड, घाम फुटतो आणि पाच मिनिटांनी थंडी वाजते. हाच तो हॉट फ्लॅश. तुमच्या मनाचे खेळ नाहीत आणि "जरा मन रमव कशात तरी" हा त्यावर उपाय नाही. झोप मोडणं, सांधे धरणं, चिडचिड, शब्द न आठवणं, खालचा कोरडेपणा, लघवीला वारंवार जळजळ हे सगळं कमीजास्त प्रमाणात बरोबर येतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या दीर्घकालीन अभ्यासात हॉट फ्लॅश सरासरी ७.४ वर्षं चालतात असं दिसलं, म्हणजे "सहा महिने सोस, जाईल" म्हणणाऱ्या मावशीला हिशोब कळलेला नाही.

आता औषध. एचआरटी म्हणजे जे इस्ट्रोजेन कमी झालंय ते थोड्या प्रमाणात बाहेरून देणं. थोड्या हा शब्द महत्त्वाचा, तरुणपणीची पातळी परत आणायची नसते, त्रास थांबेल एवढंच द्यायचं असतं. हॉट फ्लॅशवर याच्याइतकं चालणारं दुसरं औषध अजून तरी नाही, आणि हाडंही त्याने टिकतात.

पण इथेच पहिला प्रश्न येतो, गर्भपिशवी आहे की काढलीय? इस्ट्रोजेन पिशवीच्या आतलं अस्तर वाढवत राहतं. नुसतं इस्ट्रोजेन वर्षानुवर्षं घेतलं आणि अस्तराला आवर घालायला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन नसलं तर तिथे कॅन्सर होऊ शकतो. अमेरिकेत हे अनुभवाने कळलं, तिथे साठ-सत्तरच्या दशकात नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या सर्रास दिल्या जायच्या, आणि १९७५ साली अभ्यास छापून आले की या बायकांमध्ये अस्तराचा कॅन्सर कितीतरी जास्त आहे. तेव्हापासून नियम पक्का झाला. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन हवंच, पिशवी काढली असेल तर बहुतेक वेळा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. आमच्या वहिनींना पिशवी आहे. मी फक्त जेलची ट्यूब दिली असती आणि रात्रीची प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल द्यायची राहिली असती, त्यांनी दोन वर्षं आनंदाने चोळलं असतं आणि आत अस्तर वाढत राहिलं असतं, बाहेरून काही कळलंही नसतं. ट्यूब वाटून न घेण्याचं हे पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण.

प्रोजेस्टेरॉन कॅप्सूलमध्ये मिळतं, काही जणींना दुसऱ्या जातीची गोळी देतात, आणि काहींना पिशवीत बसवायची हार्मोनवाली कॉपर टी सारखी वस्तू असते ती चालते, पाळी खूप अंगावर जात असेल तर तिचा दुहेरी फायदा. पाळी अजून अधूनमधून येत असेल तर प्रोजेस्टेरॉन महिन्यातले बारा-चौदा दिवसच देतात, पूर्ण थांबली असेल तर रोज. मी रोज रात्री १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल घेते, तिने छान पेंग येते, म्हणून ती झोपतानाच घ्यायची, सकाळी घेऊन स्कूटर काढायची नाही.

आणि हो, पिशवी काढलेल्यांबद्दल थोडं जास्त बोलायला हवं कारण आपल्याकडे अशा बायका भरपूर आहेत आणि फार लहान वयातल्या आहेत. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये पेपरात आलं होतं, आठवत असेल. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली, ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. खाडा झाला की दंड, मग पाळीचा त्रासच नको, असा तो हिशोब. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर त्या बाईचा मेनोपॉज त्याच दिवशी ऑपरेशन टेबलावर होतो, वय पस्तीस असलं तरी. अंडाशयं ठेवली तरी ती थोडी लवकर थकू शकतात. अशा कमी वयात इस्ट्रोजेन गेलेल्या बायकांना, किंवा चाळिशीच्या आत आपोआप पाळी गेलेल्यांना, काही मनाई नसेल तर निदान पन्नाशीपर्यंत हार्मोन द्यावं असंच सगळीकडचे डॉक्टर सांगतात, कारण त्यांच्या बाबतीत न घेण्याचा धोका मोठा आहे, हाडं ठिसूळ आणि हृदयाचा त्रास लवकर. पण यातल्या कितीजणींना टाके काढल्यावर कुणी हे सांगितलं असेल? ऑपरेशनची फाईल असेल तर ती जपून ठेवा, अंडाशयं काढली का ठेवली हे त्यात लिहिलेलं असतं, आणि "सगळं काढलं" या एका वाक्यावरून पुढच्या डॉक्टरला काही कळत नाही.

आता कॅन्सरचं. "हार्मोनने ब्रेस्ट कॅन्सर होतो" हे वाक्य प्रत्येकीने ऐकलेलं असतं आणि त्याचा उगम बहुतेक २००२ सालच्या जुलै महिन्यात आहे. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा सरकारी पैशावरचा मोठा अभ्यास चालू होता, त्यातला एक भाग मधेच थांबवला. १६,६०८ बायका होत्या, अर्ध्यांना दोन्ही हार्मोनची खरी गोळी, अर्ध्यांना खोटी. खऱ्या गोळीवाल्यांमध्ये ब्रेस्ट कॅन्सर २६ टक्क्यांनी जास्त, हार्ट अटॅक जास्त, पक्षाघात जास्त, रक्ताच्या गुठळ्या जास्त. जगभर हेडलाईन झाली आणि बायकांनी गोळ्या कचऱ्यात टाकल्या, डॉक्टरांनी लिहायच्या बंद केल्या.

२६ टक्के म्हणजे किती ते बघा. गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांमध्ये वर्षाला ३० जणींना ब्रेस्ट कॅन्सर झाला, घेणाऱ्या दहा हजारांत ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. आठ म्हणजे शून्य नव्हे, त्या आठांत आपण असलो तर आपल्याला शंभर टक्केच, पण "शंभरातल्या सव्वीस जणींना कॅन्सर होतो" असं जे डोक्यात बसलंय ते साफ चूक. दुसरं म्हणजे त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. ज्या वयात हॉट फ्लॅशसाठी आपण हे औषध मागतो त्याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. तिसरं, गोळी जुन्या पद्धतीची होती, त्यातलं इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या लघवीतून काढलेलं. त्या इस्ट्रोजेनचं नाव प्रेमॅरिन, त्यात प्रेमबिम काही नाही, गाभण, घोडी आणि लघवी यांच्या इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून नाव केलंय. आणि सोबतचं प्रोजेस्टिन म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं, कारखान्यात बनवलेलं द्रव्य. आता बहुतेक ठिकाणी जे इस्ट्राडायॉल आणि मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन देतात ते आपल्या शरीरातल्या हार्मोनसारखंच असतं. याचा धोका जुन्यापेक्षा कमी असावा असं दिसतंय, शून्य आहे असं कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका.

गंमत म्हणजे त्याच अभ्यासाचा दुसरा भाग होता, पिशवी काढलेल्या बायकांचा, नुसत्या इस्ट्रोजेनवरचा. तो २००४ मध्ये थांबवला कारण पक्षाघात थोडे जास्त दिसले, पण ब्रेस्ट कॅन्सर वाढला नव्हता, उलट थोडा कमीच. त्याची हेडलाईन कुणी बघितली?

ब्रिटनमध्ये बायकांना समजावायला एक चित्र वापरतात ते मला फार आवडतं. पन्नाशीतल्या हजार बायका घ्या, पाच वर्षांत त्यातल्या २३ जणींना ब्रेस्ट कॅन्सर होणारच आहे, काहीही न घेता. दोन्ही हार्मोनवाली एचआरटी घेतली तर त्यात ४ वाढतात. नुसतं इस्ट्रोजेन असेल तर ४ कमी होतात. रोज दोन किंवा जास्त युनिट दारू असेल तर ५ वाढतात. आणि वजन खूप असेल तर २४ वाढतात. चोवीस! हे आकडे तिकडचे आहेत, आपल्याकडे मुळातलं प्रमाण त्यांच्यापेक्षा कमी आहे, पण कशाचा धोका कशापेक्षा मोठा हे त्यातून कळतं. जितकी जास्त वर्षं घ्याल तितका तो वाढत जातो हेही खरं, म्हणून दरवर्षी बसून परत विचार करायचा असतो.

मग गोळी का जेल? पोटातून घेतलेली इस्ट्रोजेनची गोळी रक्तात जायच्या आधी लिव्हरमधून जाते, आणि लिव्हर त्यामुळे रक्त गोठवणारी द्रव्यं जास्त बनवायला लागतं. म्हणून गोळीने पायात किंवा फुप्फुसात गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. कातडीतून जाणारं जेल किंवा पॅच लिव्हरला वळसा घालून थेट रक्तात जातं, नेहमीच्या डोसला हा धोका वाढलेला दिसत नाही. म्हणून वजन जास्त, बीपी, शुगर, अर्धशिशी असं काही असेल तर जेल बरं. पॅच आपल्याकडे शोधावे लागतात, जेल मिळतं. थायरॉईडची गोळी चालू असलेल्यांनी (म्हणजे माझ्या ओळखीतल्या निम्म्या बायकांनी) आणखी एक लक्षात ठेवा, इस्ट्रोजेनची गोळी सुरू केली तर थायरॉईडचा डोस वाढवावा लागू शकतो, दीड-दोन महिन्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) बघून घ्या. आणि टीबीसाठी रिफॅम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर ती हार्मोन लवकर संपवून टाकतात, डॉक्टरना आवर्जून सांगा.

जेल लावायचं कसं हे मेडिकलवाला सांगत नाही. आंघोळ झाली, अंग पूर्ण कोरडं केलं की मांडीच्या आतल्या बाजूला किंवा दंडावर पातळ पसरायचं, छातीवर अजिबात नाही. रगडायचं नाही, पसरवून पाचेक मिनिटं वाळू द्यायचं, हात साबणाने धुवायचे, तासभर तिथे पाणी लावायचं नाही. लहान मूल मांडीवर येऊन बसणार असेल तर जागा कपड्याने झाकलेली हवी, नाहीतर त्याच्या अंगाला लागतं. आणि जेलमध्ये अल्कोहोल असतं, वाळेपर्यंत ते पेट घेऊ शकतं. मी सुरुवातीला जेल लावून तशीच देवापुढे निरांजन लावायला बसायचे! आता आधी देवपूजा, मग जेल.

कुणी घेऊच नये? ज्यांना ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय, पायात वा फुप्फुसात गुठळी झालीय, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेलाय, लिव्हरचा चालू आजार आहे, किंवा अंगावरून रक्त जातंय आणि कारण सापडलेलं नाही. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर परत डाग दिसला तर "पाळी परत आली वाटतं" म्हणून पेढे वाटू नका, आधी सोनोग्राफी. एचआरटी सुरू केल्यावर पहिले तीन ते सहा महिने थोडं स्पॉटिंग होतं, मलाही झालं, छातीही दुखायची, पण त्यानंतरही चालू राहिलं किंवा जास्त व्हायला लागलं तर तपासायचंच.

ज्यांना हार्मोन चालत नाही त्यांच्यासाठी मार्ग बंद नाहीत. डिप्रेशनवरची काही औषधं कमी डोसमध्ये हॉट फ्लॅश कमी करतात, गॅबापेंटिन करतं (पण ब्रेस्ट कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर डिप्रेशनच्या औषधांतलं पॅरॉक्सेटिन नको, ते टॅमॉक्सिफेनचं काम बिघडवतं), आणि २०२३ मध्ये अमेरिकेत फेझोलिनेटंट नावाचं हार्मोन नसलेलं औषध मंजूर झालंय जे मेंदूतल्या त्या हळव्या जागेवरच काम करतं.

वयाचं गणित सोपं आहे. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर फायद्याचं पारडं जड असतं. त्यानंतर नव्याने सुरू केलं तर रक्तवाहिन्यांमध्ये आधीच जे साठलंय त्यावर हार्मोन जाऊन काय करेल याचा भरवसा नाही. वहिनी एकसष्ट वर्षांच्या, पाळी जाऊन चौदा वर्षं, बीपीची गोळी चालू. मी नाही म्हटलं त्याचं हे दुसरं कारण.

हल्ली तर उलट टोक सुरू झालंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, या औषधांवरची काळ्या चौकटीतली मोठी धोक्याची सूचना काढायचं जाहीर केलं, नुसत्या इस्ट्रोजेनबाबत अस्तराच्या कॅन्सरची सूचना तेवढी ठेवली, आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर हार्मोनने तारुण्य, हार्मोनने हृदय, हार्मोनने स्मरणशक्ती असं सुरू झालं. काही त्रास नसताना फक्त हृदय किंवा डोकं शाबूत राहावं म्हणून हे घ्यायचं औषध नाही. त्रासासाठी आहे.

आणि एक मला कायम खटकतं. सत्यनारायण आला, गौरी आल्या, की पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून दिवसाला तीन तीन घेणाऱ्या आपणच. ती नॉरएथिस्टेरोन असते, म्हणजे हार्मोनच, त्या डोसला तिनेही गुठळीचा धोका वाढतो, तिला कुणी घाबरत नाही. आणि त्याच बायका माझं एवढंसं जेल बघून म्हणतात, बाई गं, हार्मोन!

सुरू करायच्या आधी माझं बीपी, वजन, शुगर, कोलेस्टेरॉल, मॅमोग्राफी, पॅप स्मिअर आणि सोनोग्राफी झाली. एफएसएच या हार्मोनची, मेनोपॉज आलाय का बघायची रक्ततपासणी पंचेचाळीशीनंतर सहसा लागत नाही, त्याची पातळी रोज वरखाली होते, लक्षणांवरून कळतं. पण थायरॉईड आणि हिमोग्लोबिन बघून घ्या, धडधड आणि थकवा त्यानेही येतो. आणि पाळी अजून अधूनमधून येत असेल तर एचआरटी म्हणजे गर्भनिरोधक नव्हे, त्याची सोय वेगळी करा. औषध चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, अचानक दम लागला, छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर संध्याकाळच्या ओपीडीची वाट बघायची नाही, सरळ कॅज्युअल्टी. मोठं ऑपरेशन ठरलं तर सर्जनला आधीच सांगायचं की हार्मोन चालू आहे.

वहिनींना मग मी माझ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आत गेल्यावर कळलं की हॉट फ्लॅश त्यांना कधीच थांबलेत, खरा त्रास वेगळाच होता, लघवीला सारखी जळजळ, वर्षात चार वेळा अँटिबायोटिक, आणि जे त्या मला फोनवर बोलू शकल्या नव्हत्या ते, की भाऊजींजवळ जायचं म्हटलं की रडू येतं इतकं दुखतं. यासाठी अंगभर जाणारं हार्मोन लागतच नाही. योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं, डोस इतका कमी की रक्तात नावापुरतं जातं, त्यामुळे प्रोजेस्टेरॉनची जोड सहसा लागत नाही आणि साठी उलटल्यावरही चालतं. ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेल्यांनी मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच. पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. थांबवलं की कोरडेपणा परत येतो, म्हणून चालूच ठेवायचं. वहिनींनी बाहेर आल्यावर विचारलं, "हे इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझं स्वतःचं तिसरं वर्ष चालू आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात एकदा डोस कमी करून बघू, वाफा परत आल्या तर परत वाढवू, अमुक वर्षांनी बंदच करायचं असा नियम नाही. मी म्हटलं चालेल, पण डिसेंबरात करू. एप्रिल-मेमध्ये कमी केलं तर आलेला घाम माझा का उन्हाळ्याचा ते मला कळायचं नाही.